नाव नाय सांगत, पण...

आलेल्या बाईला खुर्चीत बसवलं की सर स्वतः उठायचे. दाराची कडी लावायचे, खिडकीचा पडदा ओढायचे, परत जागेवर येऊन बसायचे आणि उजव्या हाताचं बोट खाली जमिनीकडे दाखवून म्हणायचे, "ताई, इथं बोललं ते इथंच. ह्या फरशीखाली गेलं समजा." आवाज असा मऊ, की त्या फरशीलाही आपलं काही दुखणं सरांना सांगावंसं वाटावं.

मग ताई बोलायच्या. रडायच्या. तोंड धुऊन, पदर सारखा करून जिना उतरायच्या आणि छावणीच्या बाजारात मिसळून जायच्या. चहाची वेळ झाली की सरही तोच जिना उतरायचे. खालच्या हॉटेलात त्यांचं टेबल ठरलेलं होतं. बशीत चहा ओतायचा, फुंकर घालायची आणि पहिला घोट घ्यायच्या आधी चारचौघांकडे बघून म्हणायचं, "नाव नाय सांगत, पण..."

नाव ते खरंच सांगत नसत. त्या बाबतीत माणूस काटेकोर. गल्ली सांगायचे, नवऱ्याची कंपनी सांगायचे, दारातल्या स्कूटीचा रंग सांगायचे, सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं तेही सांगायचे. नाव तेवढं राखून ठेवायचे. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ते ओळखून मोठ्यानं घेतलं की सर दोन्ही हात वर करायचे. "मी नाय बोललो हं. तुम्हीच बोललात."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पण तुमचा तो बहुधा शेजारी असेल, नाहीतर नात्यातला. आमचे हे समुपदेशक होते. लोकांची गुपितं ऐकणं हे त्यांचं काम होतं.

एका ट्रस्टचं कौटुंबिक सल्ला केंद्र होतं ते. छावणीत भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. नवरा-बायकोची भांडणं, सासरचा जाच, पोलीस ठाण्यातून 'आधी समजुतीनं बघा' म्हणून पाठवलेली जोडपी, असं सगळं तिथं यायचं. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच तिथं लागले होते. सर सगळ्यांत जुने. शहराच्या नावाचा वाद तेव्हा चालूच होता. सर फोनवर काहींशी बोलताना औरंगाबाद म्हणायचे, काहींशी बोलताना संभाजीनगर. समोरच्याला काय आवडेल ते त्यांना पहिल्या वाक्यात कळायचं. त्यांची सगळी हुशारी तिथंच संपायची.

राहायला शहागंजच्या मागच्या बाजूला होते. "आमच्या घराण्यात निजामाच्या कचेरीतली नोकरी," ते सांगायचे. "गोष्ट पोटात ठेवायची सवय रक्तातच आहे आपल्या." निजामाचं राज्य का गेलं याची मोठमोठी कारणं शाळेत शिकवली होती आम्हाला. हे ऐकल्यावर मला आणखी एक सापडलं.

स्वतःच्या बाबतीत मात्र हा माणूस तिजोरी होता. त्यांना साखरेचा त्रास होता हे आम्हाला ते चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं. वय विचारलं तर हसायचे. घरून फोन आला की गच्चीवर जायचे. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचे. दुसऱ्याच्या घरात काल कोणती भाजी करपली आणि त्यावरून कोण कुणाला काय म्हणालं हे जगाला सांगणाऱ्या या माणसाच्या घरी काय शिजतं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे, आणि ती करताना मला आनंद होत नाही. सर ऐकायचे फार सुंदर. मान थोडी कलती, नजर समोरच्याच्या हातांवर, घड्याळाकडे चुकूनही बघणं नाही. मध्येच फक्त "हं... मग?" त्या 'मग'मध्ये काहीतरी होतं. वर्षानुवर्षं गप्प असलेल्या बायका त्या दोन अक्षरांवर मोकळ्या व्हायच्या. एखाद्या बाईची हरकत नसली की मी कोपऱ्यात बसून ते शिकायचा प्रयत्न करत असे. आजही माझ्याकडे कुणी अडखळलं की माझ्या तोंडून तसाच "मग?" येतो आणि मला माझाच राग येतो.

एकदा एका कॉलेजानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'समुपदेशनातील गोपनीयता'. हसू नका, खरंच तोच होता. मी सोबत गेले होते. सरांनी सुरुवात झकास केली. अशिलाचा विश्वास म्हणजे काचेचं भांडं वगैरे. पण दहा मिनिटांत त्यांना चैन पडेना, उदाहरणं सुरू झाली. "नाव नाय सांगत, पण बीड बायपासकडची एक मुलगी. लग्नाआधीचं तिचं एक प्रकरण..." नवऱ्याचा धंदा आला, दिराचं व्यसन आलं, मुलीच्या वडिलांची नोकरी आली. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. पुस्तकं तिथंच टाकून, तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. तिच्या मैत्रिणीनं नंतर जिन्यात मला सांगितलं, ती बायपासकडच्या त्या मुलीची सख्खी बहीण होती. परत येताना मी सरांना ते सांगितलं. सर रिक्षातून बाहेर बघत म्हणाले, "मी नाव घेतलं का? मग झालं तर. आणि आजकालच्या पोरांना पूर्ण ऐकायचा धीरच नाय बघ."

मी भांडले नाही असं नाही. अगदी तोंडावर म्हणाले, "सर, हे बरोबर नाही." ते रागावले नाहीत. रागवायचेच नाहीत कधी. मला समोर बसवून त्यांनी शांतपणे समजावलं. "कायदा दाखव मला. वकिलाला अशिलाचं बोलणं सांगता येत नाय, कायदा आहे. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं, त्यालाही कायदा आहे. मनाच्या डॉक्टरांना आहे. कोर्टात बसणाऱ्या समुपदेशकांना नियम आहेत. आपण कोण? ट्रस्टची माणसं. आपल्याला कुठं बांधलंय कुणी?"

म्हणजे त्यांनी बघून ठेवलं होतं! तोपर्यंत मी समजत होते की जीभ सैल आहे, बिचाऱ्याला आवरत नाही. तसं नव्हतं. कुंपण कुठं संपतं ते त्यांनी आधी नीट पाहून घेतलं होतं आणि मग चरायला गेले होते. मी ओळखीच्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सरळ बोट ठेवून दाखवावं असं कलम तुमच्यासाठी नाही, हे खरं आहे. तुमच्या पेशाची नीती आहे तेवढी." मी ट्रस्टच्या अध्यक्षांकडेही गेले. ते म्हणाले, "बोलका स्वभाव आहे त्यांचा. माणूस वाईट नाही." बोलका स्वभाव! पोहता येत नसलेल्या माणसाला होडी वल्हवायला द्यायची आणि म्हणायचं, पाण्याची आवड आहे हो त्याला.

मग सुनंदा आली.

सुनंदा हे तिचं नाव नाही आणि तिचं गाव मी पुढं पैठणकडचं धरते, तेही खरं तिकडचं नाही. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. बसमधलंबी लिहा. ते आता लपवायचं राहिलंय कुठं? बाकीचं नका लिहू." बाकीचं पुष्कळ आहे. ते इथं येणार नाही.

माहेर शेतकरी, बागायती. सासरही तसंच, पण नवरा वाळूजला कंपनीत आणि संसार शहरात. एक मुलगी, तेव्हा बालवाडीत जाणारी. दोघांचं पटेनासं झालं होतं आणि सुनंदाला मुलीला घेऊन वेगळं व्हायचं होतं. सरांनी कडी लावली, पडदा ओढला, फरशी दाखवली. सुनंदा बोलली. एका दिवशी नाही, हळूहळू, बऱ्याच खेपांनी बोलली. आणि एकदा तिनं बसमधलं सांगितलं.

मुलगी तान्ही होती तेव्हाची गोष्ट. बाळंतपणानंतर सुनंदाला काही सुचेनासं झालं होतं. झोप नाही, भूक नाही, लेकरू रडलं की हातपाय गार पडायचे. आता आपण त्याला आजार म्हणतो आणि त्याला औषध असतं. तेव्हा तिच्या घरात त्याला नखरे म्हणत होते. एका दुपारी ती बाळाला पाळण्यात ठेवून, दाराला बाहेरून कडी घालून निघाली. मध्यवर्ती बसस्थानकावर गेली आणि पैठणच्या गाडीत जाऊन बसली. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत तिच्यापर्यंत आला. "कुठं?" त्यानं विचारलं. तिला गावाचं नाव सांगता येईना. ती उठली, खाली उतरली आणि रिक्षा करून घरी आली. लेकरू रडून रडून निजलं होतं.

एवढंच. हे तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. मी ते केंद्राच्या फाइलीत, सरांच्या दोन ओळींत वाचलं होतं.

पुढं एका लग्नात सर जेवायला गेले. पंगतीत त्यांना सुनंदाच्या चुलतसासऱ्याशेजारी पाट मिळाला. चुलतसासरा म्हणजे मोठं प्रस्थ. ऊस, पुढारपण, मागेपुढे माणसं. अशा माणसानं सरांच्या पानात स्वतःच्या हातानं जिलबी वाढली आणि विचारलं, "काय सर, आमच्या सूनबाईचं काय म्हणणं हाय?"

सरांना कुणी पैसे दिले नाहीत. दिले असते तर मला ते समजलं तरी असतं. त्यांनी ते एका जिलबीवर आणि 'काय सर' या दोन शब्दांवर दिलं.

पंगतीतलं हे मला पुढं सुनंदाकडून कळलं. गोष्ट फुटलीय एवढं आधी कळलं ते हॉटेलात. एकदा मी एकटीच चहा घ्यायला उतरले होते. हॉटेलवाले चाचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, वो बस में बैठके उतर गई थी वो बाई का क्या हुआ?" मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनाच वाईट वाटलं. खांद्यावरचं फडकं काढून टेबल पुसत म्हणाले, "साब सुनाते, हम सुन लेते. हमकू क्या मालूम, सुनने का नहीं था." त्यानंतर सर येऊन बसले की चाचा रेडिओ मोठा करायला लागले. आमच्या अध्यक्षांपेक्षा त्या माणसाला जास्त कळत होतं.

काही आठवड्यांनी सुनंदा केंद्रात आली. मुलीला सासरच्यांनी गावी नेऊन ठेवलं होतं आणि नवऱ्यानं ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला होता. आई बाळाला कोंडून पळून गेली होती, तिच्याजवळ मूल सुरक्षित नाही, असा. सुनंदा खुर्चीत बसली नाही. दारातच उभी राहिली. सर काहीतरी खात होते, ते त्यांनी खाली ठेवलं.

"सर, बसमधलं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्या मायलाबी नाय."

"अगं, बस तर खरी."

"कुणाला सांगितलं तुम्ही?"

"मी नाव घेतलं नाय," सर म्हणाले.

मला वाटलं ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. टेबलावर पेपरवेट होता आणि तिनं तो उचलला असता तर मी आडवी गेले नसते. पण ती तशीच वळली आणि खाली गेली. मी तिच्या मागं धावले. बाजारात ती मला म्हणाली, "ताई, पंगतीत चुलतसासऱ्याशी बोलले म्हणे. त्यांना माझं नाव सांगायची गरज होती का हो?"

मी तिला माझ्या ओळखीच्या त्या वकीलबाईंकडे नेलं.

सुनावणीला नवऱ्याच्या बाजूनं सरांना साक्षीला बोलावलं. समन्स आल्यावर त्यांनी ते आम्हा सगळ्यांना दाखवलं, जसं काही लग्नाची पत्रिका. सुनावणीच्या दिवशी नवा सफारी, कानाला अत्तराचा फाया. वकीलबाईंनी न्यायाधीशांची परवानगी काढून मला सुनंदाशेजारी बसवलं होतं. न्यायाधीशही बाईच होत्या. पन्नाशीच्या, फार कमी बोलणाऱ्या.

नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "तान्ह्या मुलीला कोंडून आपण निघून गेलो होतो, असं या बाईंनी तुम्हाला सांगितलं का?"

आमच्या वकीलबाई उठल्या. "मॅडम, माझा आक्षेप आहे. याच इमारतीत बसणाऱ्या समुपदेशकाला कुणी साक्षीला उभं करू शकत नाही. त्याच्याजवळ जे बोललं जातं ते गुप्त राहतं, तसे नियम आहेत. मग बाहेरच्या समुपदेशकाला कसं विचारता येईल?"

"ते नियम कोर्टानं नेमलेल्या माणसांसाठी," नवऱ्याचा वकील म्हणाला. "हे गृहस्थ ट्रस्टचे. समाजसेवकाजवळ बोललेलं झाकून ठेवावं असं कलम असेल तर दाखवावं."

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. "आक्षेप नोंदवून घेते. उत्तर येऊ द्या. त्याला वजन किती द्यायचं ते मी नंतर ठरवीन."

सरांनी उत्तर दिलं. उत्तर कसलं, त्यांनी गोष्ट सांगितली. दुपारची वेळ, पाळणा, बाहेरून कडी, बस. कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं थांबायचं, सगळं जागच्या जागी. हॉटेलात सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट होती ती. सुनंदा माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि सरांच्या प्रत्येक वाक्याला तिची पकड घट्ट होत होती.

आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "पुढं काय झालं? त्या बसनं गेल्या?"

"त्याचं काय आहे..."

"गेल्या की उतरल्या?"

"उतरल्या असतील."

"त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

"उतरले म्हणाल्या."

"हे पंगतीत सांगितलं होतंत?"

सर सफारीचं बटण चाचपू लागले. मला त्यांची ती गोष्ट आता पाठ झाली होती. ती कायम बसमध्येच संपायची. उतरल्यावर गोष्टीत मजा राहत नव्हती.

मग न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून स्वतः विचारलं, "या बाई बोलतील ते बाहेर जाणार नाही, असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

"हो तर," सर म्हणाले. "सगळ्यांनाच सांगतो."

"मग?"

"मॅडम, तसं सांगितल्याशिवाय बायका बोलतच नाहीत."

हे त्यांनी लाजून किंवा चुकून सांगितलं नाही. एखादा कारागीर आपल्या हत्याराची खुबी सांगतो ना, तसं सांगितलं. टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. नवऱ्याच्या वकिलानं खाली बघितलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हे उत्तर त्यांच्याच शब्दांत घ्या." आणि सरांना जायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. रुमालानं मान पुसत होते, चेहरा उजळलेला. "कशी झाली साक्ष?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. या माणसाचा तिरस्कार करायलाही काहीतरी तळ लागतो, आणि त्या दिवशी मला तो सापडेना.

निकालात त्यांच्या साक्षीला काडीचं वजन मिळालं नाही. बाळंतपणानंतरच्या आजाराला आईचा दोष म्हणता येणार नाही, असंही न्यायाधीशबाईंनी लिहिलं. पण निकाल लागेपर्यंत दिवस गेले, आणि त्यातले काही सुनंदाच्या गप्प राहण्यामुळे गेले. कोर्टानं तिला आपल्या समुपदेशिकेकडे पाठवलं होतं. ती बाई चांगली होती, मी ओळखते तिला. तिच्यासमोर सुनंदा नुसती बसून राहायची. "मला पाणी द्या," म्हणायची, "बोलायला नका सांगू." वकीलबाईंनी समजावलं, मी समजावलं, की इथलं खरंच बाहेर जात नाही, इथं नियम आहे. ती म्हणायची, "तिथंबी तसंच सांगितलं होतं." तिच्या गप्प बसण्याचा नवऱ्याच्या वकिलानं पुरेपूर फायदा उठवला. तारखांवर तारखा पडल्या.

शेवटी मुलगी तिला मिळाली. ती आली तेव्हा पहिलीत गेलेली होती आणि आजोबांच्या घरी तिनं सगळं ऐकलेलं होतं. पहिल्या दिवशी सुनंदा तिची वेणी घालत होती. मुलीनं आरशात बघत विचारलं, "आई, तू मला टाकून बसमध्ये बसली होतीस?"

सुनंदानं मला नंतर सांगितलं की तिच्या हातातून पेड सुटला. मग तिनं तो परत धरला आणि म्हणाली, "बसले होते. मग उतरले."

"का उतरलीस?"

"गावाचं नाव आठवंना. तुझंच आठवत होतं."

मुलीनं पुढं काही विचारलं नाही. रिबिन कुठली लावायची तेवढं सांगितलं.

सर निवृत्त झाले तेव्हा ट्रस्टनं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्षांनी भाषणात 'असंख्य कुटुंबांचा आधार' म्हटलं. मी गेले नाही. तोपर्यंत मी ती नोकरी सोडली होती आणि जालना रोडच्या बाजूला माझी एक खोली घेऊन काम सुरू केलं होतं.

मध्ये काही वर्षं गेली. एके दिवशी सकाळी ते माझ्या जिन्यात दिसले. कठड्याला धरून येत होते. अंगावरचा सफारी तोच, आत माणूस अर्धा राहिलेला. पूर्वी मला "पोरी" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "मॅडम, वेळ आहे का?"

मला वाटलं, नाही म्हणावं. म्हणायचा हक्कही होता मला. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना मी कारण विचारत नाही, तसं त्यांनाही विचारलं नाही. ते येऊन बसले, आलेली माणसं बसतात त्या खुर्चीत. बराच वेळ त्यांना सुरुवात करता येईना. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना बोलतं केलं त्यांना पहिलं वाक्य सापडत नव्हतं. मी पाणी दिलं. मग ते बोलले.

पुढच्या आठवड्यात परत आले. नंतर येत राहिले, थंडी संपेपर्यंत.

तुम्ही म्हणाल, इतकं सांगितलं, आता तेही सांगा. सर काय बोलले? पश्चात्ताप झाला होता का? सुनंदाचं नाव निघालं का? घरी काय झालं होतं?

ते मी सांगणार नाही. वर जे लिहिलं ते त्यांनी चारचौघांत केलं, हॉटेलात, पंगतीत, कोर्टात, आणि त्याबद्दल मला त्यांची कधीही गय करावीशी वाटली नाही. आजही वाटत नाही. मला तो माणूस आवडत नव्हता, गेल्यावरही आवडत नाही. पण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून ते जे बोलले ते त्यांचं आहे.

उन्हाळ्यात सर गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. पुण्यात असतो. चेहरा वडिलांचाच, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले.

"बाबा तुमच्याकडं येत होते म्हणे."

"येत होते."

"आम्हाला कधी बोलले नाहीत. काय सांगायचे?"

"ते मला सांगता येणार नाही."

त्याला वाटलं मी आढेवेढे घेतेय. "मी मुलगा आहे त्यांचा."

"हो."

"आता ते नाहीत. आता कुणाला काय फरक पडणार आहे?"

तो पुढं झुकला. हात एकमेकांत गुंतवलेले, नखं कुरतडलेली. "ठीक आहे. सगळं नका सांगू. माझ्याबद्दल काही बोलले का, एवढंच सांगा. हो किंवा नाही."

एक शब्द पुरला असता. तो घेऊन पुण्याला गेल्यावर त्याला झोप तरी लागली असती, किंवा कायमची उडाली असती. मी तोही दिला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ राग आला.

"तुम्ही त्यांच्याच हाताखाली काम शिकलात ना?" उठता उठता त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तो जिन्यात थोडा वेळ थांबला असावा, कारण पावलांचा आवाज लगेच आला नाही. मग आला आणि खाली खाली जात रस्त्याच्या गलक्यात बुडाला. बाहेर बाकावर एक बाई केव्हाची बसून होती. मी तिला आत बोलावलं.